शेंगा चटणीत शिसे १.४ मिग्रॅ/किलो: मालातून आलं की कांडपातून, कसं शोधायचं?

शेंगा_उद्योग (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरात बचत गटाचं छोटं युनिट आहे. शेंगा चटणी आणि काळा मसाला, दोनच पदार्थ. परगावच्या एका खरेदीदाराने दोन्हींची जड धातूंची तपासणी करून घेतली. अहवालातले आकडे सगळे मिग्रॅ/किलोमध्ये देते.

शेंगा चटणी: शिसे १.४, क्रोमियम ०.९, निकेल १.६, तांबे १०.५, कॅडमियम ०.०८, आर्सेनिक ०.२१.
काळा मसाला: शिसे ३.१, क्रोमियम १.९, निकेल १.२, तांबे ११, कॅडमियम ०.०६, आर्सेनिक ०.०९.

चटणीचा १० किलोचा घाणा: दाणे ७.५ किलो, लाल तिखट १.२, लसूण ०.६, मीठ ०.५, जिरे ०.२. दाणे वाळूत भाजतो, भट्टी लाकडाची. तिखट, चटणी आणि मसाला तिन्ही एकाच कांडप यंत्रावर. मसाल्यात हळद आहे, चटणीत नाही.

खरेदीदार म्हणतो शिसे जास्त आहे, उगम शोधून लेखी द्या. एकेका तपासणीला पैसे लागतात, त्यामुळे सगळंच तपासणं परवडणारं नाही. सुरुवात कुठून करावी?

आम्ल_आणि_राख

ताई, आधी अहवालातला कुठला आकडा धरायचा आणि कुठला सोडायचा ते ठरवू. शेंगा चटणी हा प्रयोगशाळेला छळणारा नमुना आहे. तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेल, त्यात पाच टक्के मीठ.

आर्सेनिक ०.२१ वर लगेच विश्वास ठेवू नका. आयसीपी-एमएस (धातूंचे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) आर्सेनिक ७५ वस्तुमानावर मोजतं. यंत्रातला आरगॉन ४० आणि मिठातला क्लोरीन ३५ एकत्र आले की तेही ७५. अर्धा ग्रॅम चटणी विरघळवून ५० मिली केली, तर त्या द्रावणात लिटरला सुमारे ३०० मिग्रॅ क्लोराइड असतं. अशा खोट्या जोड्या गाळणारा हेलियमचा टक्कर-कक्ष चालू नसेल, तर मीठच आर्सेनिक म्हणून छापून येतं. तुमच्या मसाल्याचा आकडा निम्म्याहून कमी आहे. त्यात मीठ नसेल किंवा थोडंच असेल, तर संशय आणखी बळावतो.

क्रोमियमचंही तसंच. ५२ वर क्रोमियम, आणि आरगॉन ४० अधिक कार्बन १२ म्हणजेही ५२. दाण्याचं तेल पूर्ण पचलं नाही की द्रावण पिवळसर राहतं, वर तेलाची तवंगी दिसते आणि क्रोमियम फुगतं. अशा नमुन्याला अर्ध्या ग्रॅमऐवजी पाव ग्रॅमच घ्यावा. नायट्रिक आम्ल ८ मिली, हायड्रोजन पेरॉक्साइड २ मिली. बंद भांड्यात मायक्रोवेव्हने हळूहळू १९०–२०० अंशांपर्यंत न्यावं आणि तिथे वीसेक मिनिटं ठेवावं. घाईने तापवलं तर तेलामुळे दाब एकदम चढतो, झडप उघडते आणि नमुना उडून जातो.

कॅडमियमची खोड वेगळी. द्विदल धान्यांत मोलिब्डेनम भरपूर असतं, शेंगदाण्यातही. मोलिब्डेनम ९५ अधिक ऑक्सिजन १६ म्हणजे १११, आणि कॅडमियम बहुधा १११ वरच मोजतात.

शिशाला मात्र असा त्रास फारसा नाही, म्हणून तुमचा १.४ हा आकडा खरा असण्याची शक्यता जास्त. तरी प्रयोगशाळेला चार गोष्टी विचारा. कोऱ्या (नमुना न घातलेल्या) द्रावणात शिसे किती आलं? मुद्दाम घातलेलं शिसे किती टक्के परत मिळालं (८० ते ११०च्या बाहेर असेल तर तपासणी पुन्हा करायला सांगा)? २०६, २०७ आणि २०८ या तिन्ही समस्थानिकांची (शिशाच्याच वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची) बेरीज घेतली की एकट्या २०८ वर काम भागवलं? आणि एकाच पुड्यातले तीन वेगळे भाग तपासले का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. तीन भागांत १.३, १.४, १.५ असे आकडे आले, तर शिसे मालात सारखं मिसळलेलं आहे. ०.३, ०.४, ३.६ असे आले, तर कुठूनतरी कण पडतोय: धातूचा, रंगाचा किंवा मातीचा. स्वस्तातली ही एक तपासणी अर्धा रस्ता दाखवते.

आणखी एक. पुढच्या वेळी कथील आणि अँटिमनीही मोजून मागा, आणि विरघळवताना थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायला सांगा. नुसत्या नायट्रिकमध्ये कथील पांढऱ्या साक्यासारखं खाली बसतं आणि अहवालात 'आढळले नाही' येतं. हायड्रोक्लोरिकने क्लोराइड वाढतं, म्हणून आर्सेनिकसाठी वेगळा भाग काढावा.

वजनकाटा

वरचं सगळं बरोबर. आता कागद-पेन घ्या, कारण पैसे वाचणार आहेत ते इथे.

१० किलो घाण्यात १.४ मिग्रॅ/किलो म्हणजे एकूण १४ मिग्रॅ शिसे. हे सगळं एकाच घटकातून आलं असं धरून बघा. दाण्यातून आलं असेल तर दाण्यात १.९ मिग्रॅ/किलो हवं. तिखटातून असेल तर तिखटात ११.७. लसणातून २३, मिठातून २८, जिऱ्यातून ७०. स्वच्छ दाण्यात शिसे एवढं सहसा नसतंच, ते याच्या कितीतरी खाली असतं. जिऱ्यात ७० म्हणजे तर कुणीतरी काहीतरी घातलंच असावं. म्हणून तपासणीचा पहिला पैसा तिखटावर, दुसरा दाण्यावर. लसूण सध्या सोडा. मीठ आणि जिऱ्याचे नमुने राखून ठेवा, पाठवू नका.

समजा आकडे असे आले: दाणे ०.०५, तिखट १.०, लसूण ०.०५, मीठ ०.३, जिरे ०.८. प्रत्येकाला वजनाने गुणा: ०.३८, १.२, ०.०३, ०.१५, ०.१६. बेरीज १.९ मिग्रॅ. चटणीत आहेत १४. उरलेले १२ मिग्रॅ कुठल्याच पोत्यात नाहीत, म्हणजे ते तुमच्या छपराखाली आत गेले. उलट बेरीज १३–१४ आली, आणि तिखटाचा नमुना तुमच्याच यंत्रावर कुटलेला नसेल, तर यंत्राला हात लावायची गरज नाही, पुरवठादार बदला.

१२ मिग्रॅ शिसे म्हणजे केवढं? राजगिऱ्याच्या एका दाण्याएवढं. दहा किलोच्या घाण्यात तेवढा एक तुकडा झिजून पडला की तुमचा अहवाल तयार. म्हणून 'आमच्या यंत्रावर काही दिसत नाही' याला अर्थ नाही.

तिखटात भेसळ असेल का, हा प्रश्न येणारच. आपल्याकडचा शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, त्यात ९० टक्के शिसेच. तो तिखटाला रंग यावा म्हणून घालायचा तर किलोला काही ग्रॅम तरी लागेल, आणि मग शिसे हजारांत येईल. तिखटात १०–१२ आलं तर त्यामागे रंगाचा हेतू दिसत नाही. एक तर भेसळीचा माल थोडासा चांगल्यात मिसळलाय, नाही तर धूळ किंवा यंत्र. हा फरक पुरवठादाराशी बोलताना लक्षात ठेवा, उगाच माणसावर आरोप होतो.

हळदीचं गणित आणखी सरळ आहे. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट घालतात. त्यात शिसे आणि क्रोमियम अणूला अणू असतात, म्हणजे वजनात शिसे चार भाग, क्रोमियम एक. तुमच्या मसाल्यात शिसे ३.१ आणि क्रोमियम १.९. सगळं शिसे लेड क्रोमेटचं असतं तर क्रोमियम ०.८ पुरलं असतं. उरलेलं १.१ दुसरीकडून आलेलं. त्यामुळे या आकड्यांवरून हळदीला दोषही देता येत नाही आणि सोडताही येत नाही. हळद एकटी तपासावी लागेल. घरी बघायचं तर दोन ग्रॅम हळद जाळून राख करा, एकास सात सल्फ्युरिक आम्लाच्या ४–५ मिलीत विरघळवून गाळा, ०.१ टक्का डायफिनाइल कार्बाझाइडचे दोन थेंब टाका. गुलाबी आलं तर क्रोमेट आहे. पण ही चाचणी ढोबळ भेसळ पकडते, मिलिग्रॅमच्या घरातलं नाही. आणि आम्ल हाताळायची सवय असलेल्यानेच करावी.

मर्यादांविषयी थोडक्यात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ज्या पदार्थाला वेगळा आकडा नाही त्याला शिशाची मर्यादा २.५ मिग्रॅ/किलो आहे, हळदीला १०. युरोपात २०२१ पासून मिरचीसारख्या फळ-मसाल्यांना ०.६०, जिऱ्यासारख्या बियांना ०.९० आणि हळदीसारख्या कंदांना १.५० आहे. तुमचा खरेदीदार बहुधा तिकडचं धरून बोलतोय. आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. शिशाची सुरक्षित मात्राच ठरवता येत नाही म्हणून जागतिक तज्ज्ञ समितीने २०१० साली जुनी आठवड्याची मर्यादा मागे घेतली. अमेरिकेत लहान मुलांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमच्या वर नको असं धरतात. भाकरीबरोबर एक चमचा, पाच ग्रॅम चटणी खाणाऱ्या पोराच्या पोटात तुमच्या या घाण्यातून ७ मायक्रोग्रॅम जातं.

भीमाकाठ

मला वाटतं उगाच यंत्राच्या मागे लागलात. उजनीत पुणे-पिंपरीचं सगळं पाणी येतं, तेच आपल्या शेताला. धातू तिथूनच येत असणार.

काळी_माती

भीमाकाठ, उजनीची काळजी खरी आहे, पण या चटणीतलं शिसे तिथून आलं असं म्हणायला आधार नाही. कारण सांगतो.

आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. अशा जमिनीत शिसे मातीच्या कणाला घट्ट चिकटून बसतं, मुळातून वर फारसं चढत नाही, आणि चढलं तरी दाण्यात अगदी कमी पोचतं. पाण्यातलंही बहुतेक शिसे गाळाबरोबर तळाला जातं. शिवाय मंगळवेढा-बार्शीकडची रब्बी ज्वारी तर बरीचशी कोरडवाहू, जमिनीतल्या ओलीवरच येते. तिला धरणाच्या पाण्याचा संबंधच कमी. नाल्याकाठची मेथी, पालक, शेपू हा वेगळा विषय आहे, तिथे तपासणी करायलाच हवी, आणि तिथे बघायचं ते कॅडमियम आणि पानावरची धूळ.

शेतातून शिसे येतं ते चिकटलेल्या मातीच्या रूपात. ते ओळखायची सोपी खूण आहे. आपली माती बेसाल्टची. त्यात टायटॅनियम, व्हॅनेडियम, तांबं, निकेल आणि क्रोमियम मुळातच जास्त, शिसे कमी. मालाला माती लागली असेल तर शिशाबरोबर, खरं तर शिशाच्या आधी, हे सगळे चढलेले दिसतील. मातीत टायटॅनियम टक्क्याच्या घरात असतं. तिखटात १० मिग्रॅ/किलो टायटॅनियम मिळालं तर हजारात एक भाग माती. त्या मातीत शिसे किलोला १५ मिग्रॅ धरलं तरी तिखटात ०.०१५ एवढंच येतं. म्हणजे मातीने १.४ गाठायला चटणीत जवळपास दहावा हिस्सा माती लागेल, दाताखाली कचकच येईल. (माती आणि माल एकाच पद्धतीने विरघळवायला सांगा. नुसत्या नायट्रिकने टायटॅनियम अर्धवटच सुटतं, दोन्हीकडे सारखंच अर्धवट सुटलं तर तुलना चालते.)

मिरचीला मात्र एक चाचणी कराच. अख्खी मिरची घ्या, एकाच पोत्यातून पाव-पाव किलोचे दोन भाग. एक तसाच. दुसरा शुद्ध केलेल्या पाण्यात तीनदा खळबळून, सावलीत कापडावर वाळवून. दोन्ही स्टीलऐवजी दगडी किंवा चिनी मातीच्या खलात कुटून पाठवा. धुतलेल्यात शिसे निम्म्याहून खाली गेलं तर ते वरच्या धुळीचं आहे: डांबरी रस्त्यावर वाळवण, मोंढ्यातली धूळ, रंगवलेलं पोतं, असं काहीतरी. धुऊनही तेवढंच राहिलं, तर मग विचार करू.

तुमच्या कॅडमियमबद्दल. ०.०८ खरं असेल तर ते बहुतेक दाण्यातलं, म्हणजे दाण्यात साधारण ०.११. शेंगदाण्याला युरोपची मर्यादा ०.२० आहे, त्यात बसतं. भुईमूग कॅडमियम ओढणारं पीक आहे, शेंग जमिनीत असल्याने टरफलातूनही थोडं घेते. आंबट, हलक्या जमिनीत जास्त, आपल्या चुनखडीत कमी. म्हणून हा आकडा वाढला तर दाणे कुठल्या भागातले आलेत ते अडत्याला विचारा. खारवट पाणी असेल तर क्लोराइडमुळे कॅडमियम मोकळं होतं, आणि जस्ताची कमतरता असली की पीक जस्ताच्या जागी कॅडमियम उचलतं. खतांमध्ये डीएपी आणि सुपर फॉस्फेटकडे बघा, आणि झिंक सल्फेट भंगार जस्ताच्या राखेपासून बनवलेलं नाही ना तेही. फॉस्फोजिप्समवर (फॉस्फेट खताच्या कारखान्यात उरणाऱ्या जिप्समवर) लोक उगाच खापर फोडतात. कारखान्यात रॉक फॉस्फेटमधलं कॅडमियम बहुतेक फॉस्फोरिक आम्लाबरोबर जातं, जिप्सममध्ये थोडंच उरतं.

पण हा कॅडमियमचा धागा शिशाच्या धाग्यात गुंतवू नका. दोघांचे रस्ते वेगळे.

कांडपवाला

ताई, आता यंत्राचं बगू. कांडप यंत्रात शिसं कुठं-कुठं लपतं ते सांगतो, त्याच क्रमाने तपासा.

पहिलं, मुसळ जिथून वरखाली सरकतं तिथल्या बुशा. त्या उखळाच्या बरोब्बर वर असतात, झीज सरळ खाली पडते. गनमेटलची बुश असेल तर तिच्यात तांबं ८५, कथील ५, जस्त ५, शिसं ५ असा हिशोब असतो. पण तुमच्या चटणीत तांबं १०.५ आहे. दाण्यात तांबं तसंही किलोला १०–११ असतंच. गनमेटलने १.४ शिसं टाकलं असतं तर तांबं आणखी २४ वाढलं असतं. वाढलं नाही, म्हणजे गनमेटल सुटलं. राहिलं पांढरं बेअरिंग धातू, बॅबिट म्हणतात ते. स्वस्तातलं बॅबिट बहुतांश शिसंच, त्यात अँटिमनी आणि थोडं कथील. म्हणून वरचे दादा अँटिमनी मोजा म्हणाले ते अगदी बरोबर.

दुसरं, ओतलेलं शिसं. उखळाला तडा गेला, मुसळाचा दांडा टोकात ढिला झाला, की गल्लीतला मिस्त्री शिसं वितळवून भोकात ओततो. झटपट होतं, ठोके सहन करतं, म्हणून करतात. पिठाच्या चक्कीच्या दगडातही असंच करायची रीत जगभर होती. वेस्ट बँकेत आणि स्पेनमध्ये त्यातून गावंच्या गावं आजारी पडल्याची नोंद आहे. तुमची ज्वारी जिथं दळता तिथंही वरच्या पाटाचा लोखंडी तुकडा दगडात कशानं बसवलाय ते एकदा विचारा की.

तिसरं, चाळण. जुन्या पितळी जाळीच्या चाळणीला कडेनं डाख दिलेला असतो. तो डाख कथील-शिशाचा, साधारण ६० ला ४०. चटणी चाळताना हातानं घासली की कडेचा डाख पांढरा चमकत राहतो. आजूबाजूचं पितळ काळपट आणि डाख मात्र चकचकीत दिसला, तर समजा रोज झिजतोय.

चौथं, रंग. यंत्राच्या तोंडाला, पत्र्याच्या घमेल्याला हिरवा-पिवळा ऑइलपेंट असतो. घराच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे मिग्रॅ/किलोच्या) वर नको असा नियम २०१६ साली आला, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. यंत्राच्या रंगाला तो नाही. पिवळ्या रंगात तेच लेड क्रोमेट असतं. म्हणजे वजनकाटा यांनी सांगितलेलं चारास एक प्रमाण हळदीत न सापडता मसाल्यात सापडलं, तर रंगाचे पोपडे बघा.

तपासायची रीत: यंत्र बंद, वायर काढलेली. बॅटरीच्या उजेडात उखळाची आतली बाजू आणि मुसळाचं टोक पुसून बघा. राखाडी मऊ जागा दिसली तर नखानं ओरखडा. लोखंडावर उठत नाही, शिशावर उठतो, आणि ताजा ओरखडा चांदीसारखा चमकून काही दिवसांत मळकट होतो. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून त्या जागी दहा मिनिटं दाबून धरा, मग बोळ्यावर पाच टक्के पोटॅशियम आयोडाइडचा थेंब टाका. पिवळाधमक झाला तर शिसं. तपकिरी झाला तर तांबं किंवा गंज, त्याला घाबरू नका. नंतर ती जागा धुऊन घ्या आणि हात साबणानं धुवा. लोहचुंबक फिरवून 'धातू नाही' म्हणू नका, शिसं चुंबकाला लागत नाही.

भंगारवाल्याकडची किंवा सराफाकडची एक्स-रे मशीन सुट्ट्या धातूच्या तुकड्याला चालते. चटणीची पुडी तिच्यासमोर धरून उपयोग नाही.

आम्ल_आणि_राख

कांडपवाला दादांच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती. त्या मशीनवर 'आर्सेनिक' दिसलं तर लगेच हादरू नका. आर्सेनिकची आणि शिशाची एक रेषा १०.५ केईव्हीवर (एक्स-रेच्या ऊर्जेचं एकक) एकमेकींवर बसते. शिशाची दुसरी रेषा १२.६ वर आहे. तिथेही शिखर असेल तर ते शिसेच.

शेंगा_उद्योग

सगळ्यांचे मनापासून आभार. बघितलं. चाळण पितळीच आहे, कडेला डाख आहे आणि तो चकचकीत आहे. मुसळाच्या दांड्यातही राखाडी भरण दिसतं, आयोडाइड आणायचंय. दोन्ही संशयित निघाले तर कुठलं ते कसं ठरवायचं? एकाने समस्थानिक तपासणी सुचवली. आणि भट्टीतल्या वाळूचं काय? सध्याचा तयार माल विकावा का?

वजनकाटा

समस्थानिकं सध्या नको. डाख आणि ओतलेलं शिसे दोन्ही बहुतेक जुन्या बॅटऱ्यांच्या भंगारातून आलेलं असतं, मग २०६ आणि २०७ चं गुणोत्तर दोघांत सारखंच निघू शकतं. साध्या आयसीपी-एमएसवर ते गुणोत्तर अर्ध्या टक्क्याच्या आसपासच नेमकं येतं. दोन पुरवठादारांच्या मालात भांडण असेल आणि दोन्हींचे नमुने हाती असतील तर त्याचा उपयोग. तुम्हाला कथील पुरेल. डाख असेल तर चटणीत कथील शिशाच्या दीडपट दिसेल, म्हणजे सुमारे २ मिग्रॅ/किलो. ओतलेलं शिसे असेल तर कथील जवळपास शून्य. बॅबिट असेल तर कथील थोडंसं आणि अँटिमनी दिसण्याइतकी.

त्याबरोबर टप्प्याटप्प्याने नमुने काढा, एकाच दिवशी, एकाच पोत्यातल्या दाण्यांचे. (१) कच्चे दाणे सोलून. (२) भाजलेले, वाळू झाडलेले. (३) तेच भाजलेले दाणे दगडी खलात कुटलेले. (४) यंत्रात कुटलेले, न चाळलेले. (५) चाळलेले. मीठ-तिखट घालू नका, नुसते दाणे. सगळ्यांत आधी कांडप कोरडं पुसून दोन किलो दाणे कुटून टाकून द्या, म्हणजे आधीच्या मसाल्याचा चुरा निघून जाईल. चौथ्याचा नमुना पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या किलोला घ्या. सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी होत गेलं तर ते यंत्रातलं उरलंसुरलं, सारखंच राहिलं तर झीज चालू आहे. २ आणि १ मध्ये उडी असेल तर भट्टी, ४ आणि ३ मध्ये असेल तर कांडप, ५ आणि ४ मध्ये असेल तर चाळण. एकूण सात नमुने. आधी २, ४ (दहावा किलो) आणि ५ एवढेच पाठवा, बाकीचे डब्यात राखून ठेवा. रद्दीत किंवा छापील पिशवीत बांधू नका, कोरी जाड प्लास्टिकची झिपची पिशवी, एकात एक दोन. प्रत्येकीत १०० ग्रॅम. मिक्सरमधून काढू नका, पात्यातून क्रोमियम-निकेल येतं.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची, आणि ती मान्यता अन्नातल्या धातूंसाठी आहे ना ते प्रमाणपत्रात वाचून घ्या. नुसती पाण्याची असते बऱ्याच ठिकाणी.

कांडपवाला

भट्टीत काय जाळता ते बगा. जुने दरवाजे, खिडक्या, रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड असलं काही असेल तर आजच बंद. जुन्या रंगाचं शिसं राखेत आणि धुरात येतं, वाळू उघडीच असते. वाळू पूर्ण बदला, जुनी चाळून परत वापरू नका. साधी बाभळीची नाही तर कडुलिंबाची लाकडं जाळा.

चाळण आजच बाजूला ठेवा. वेल्डिंगची किंवा घडी घालून दाबलेल्या कडेची स्टीलची मिळते, घेताना कडेला डाख नाही ना ते बघूनच घ्या. मुसळाचं भरण काढायचं तर तापवून वितळवू नका, वाफ नाकात जाते. दांडा उलटा धरून छिन्नीनं फोडून काढा, चुरा ओल्या फडक्यावर घ्या, मग त्या जागी पोलादी पाचर ठोकून वेल्ड मारा. तोंडाला मास्क, आणि हे काम मालाच्या खोलीत करू नका. नंतर यंत्र ब्रशनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. झाडलं की बारीक चुरा खोलीभर उडतो आणि पुन्हा उखळात बसतो.

काळी_माती

तयार मालाचं: विकू नका. चांगल्या मालात मिसळून आकडा खाली आणायचा मोह होतो, तसंही करू नका. शिसे तेवढंच राहतं, जास्त पोटांत वाटलं जातं एवढंच. पुड्यांवर घाण्याची तारीख असेल तर चाळण आणि मुसळाचं शेवटचं काम कधी झालं ते आठवून तिथपासूनचे घाणे वेगळे काढा, आणि प्रत्येक घाण्यातून एक पुडा तपासणीसाठी राखून ठेवा. तारीख टाकत नसाल तर आजपासून घाणा क्रमांक, दाण्याचं पोतं, तिखटाचं पोतं आणि कांडपाचा दिवस, एवढं एका वहीत लिहायला लागा. खरेदीदाराला लेखी देताना हीच वही कामी येईल.

आणि एक राहिलं. कांडपावर रोज उभ्या राहणाऱ्या बायकांच्या रक्तातलं शिसे तपासून घ्या, त्यांच्या लहान मुलांचंही. रक्त शिरेतून घ्यायला सांगा, बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरचा चुराच मोजला जातो. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर डॉक्टरांना कांडपाचं सगळं सांगा आणि ती व्यक्ती यंत्राजवळून लगेच हलवा. तुमच्या नमुन्यांचे अहवाल यायला थोडे दिवस लागतील, हे काम त्यांची वाट न बघता करा.